पन्नास यार्डांची दुर्बीण आणि टॉवरचा लाल दिवा

मी, यशवंत केरबा लोहोकरे, वय अठ्ठ्याहत्तर, मूळ राहणार पिंपळे गुरव, पुणे, सध्या मुक्काम मुलाच्या घरी, मलिंगारच्या बाहेर, आयर्लंड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि कोणी न सांगता लिहितो. डोके ठिकाणावर आहे. छातीचे सांगता येत नाही. येत्या मंगळवारी डब्लिनला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्या वयाचे शंभरातले चार-पाच जण टेबलावरून उठत नाहीत. त्या हे हसून म्हणाल्या. मी तेव्हापासून त्या चार-पाचांतच उभा आहे.

माझी शाळा आठवी नापास झाल्यावर सुटली. कायद्याची वाक्ये मेहुण्याच्या मृत्युपत्रावरून आठवतील तशी घेतली आहेत. चुकले असेल तर पोटात घालावे, पण अर्थ बदलू नये.

कलम १. घरादाराच्या आधी हे लिहितो, कारण याच्यामुळे मला अन्न जात नाही. हरीश, तू माझा मुलगा आहेस आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी तुझ्याकडे आहे. माझे क्रियाकर्म मागून कर. हा कागद वाचलास की आधी रस्ता ओलांड आणि समोरच्या ख्रिस्टी गेराटींना सांग की त्यांची कुत्री फ्लॉसी त्यांच्या डोळ्याने मेली नाही, हातानेही नाही. ती माझ्या चुकीने मेली. त्यांचा पुतण्या डेक्लन त्यांना वृद्धाश्रमात घालतो आहे ते याच एका गोष्टीवरून, आणि ती गोष्ट खोटी आहे.

कसे ते लिहितो. तुला हे आजपर्यंत सांगितले नाही, कारण तू मला पहिल्याच वर्षी म्हणाला होतास, "बाबा, शेजाऱ्यांच्या बंदुकीबिंदुकीला हात लावू नका. आपण परक्या देशात आहोत." मी हो म्हटले होते.

नोव्हेंबरात ख्रिस्टी त्यांच्या ससे मारायच्या बंदुकीवरची दुर्बीण घेऊन आले. नुसती दुर्बीण, बंदूक नाही. त्यांना माहीत होते की मी पुण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षे दुर्बिणीच्या काचा बसवल्या. ट्रॅक्टरवरून पडल्यापासून त्यांची मान ताठ झाली आहे. ते म्हणाले, "यश, माझा गाल आता बंदुकीवर नीट टेकत नाही. मान वर होत नाही, डोळा काचेच्या खालच्या कडेला जातो. ही दुर्बीण मला माफ करेल असं काही करता येईल का?"

असे करता येते, आणि ते मला येते म्हणून मी खुलून गेलो. या घरात मला येते असे दुसरे काही नाही. टीव्हीसुद्धा मला लावता येत नाही.

हरीश, तू इंजिनिअर आहेस, पण तुझे काम हृदयात घालायच्या नळ्यांचे आहे, म्हणून समजावतो. दुर्बिणीत समोरचे चित्र असते आणि त्यावर एक फुली असते. दोन्ही एकाच जागी बसली तर डोळा वर न्या, खाली न्या, फुली सशाला चिकटून राहते. चित्र फुलीच्या पुढे किंवा मागे पडले, तर डोळा हलला की फुलीही सरकते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बाजूने पाहिले तर काटा दोन मिनिटे पुढे दिसतो, तसेच. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. कारखान्यात आम्ही 'फुली चालते' म्हणायचो. पुढची काच किती फिरवली त्यावर हे ठरते की कोणत्या अंतरावर फुली चालायची थांबेल. लांबच्या बंदुकीला शंभर यार्ड आणि पुढे लावतात. सशाला पन्नास. ससा तीस-चाळीस यार्डांवर असतो, त्याचे डोके लिंबाएवढे असते, आणि बोटभर चूक म्हणजे तो जखमी होऊन बिळात जातो आणि दोन दिवस मरत राहतो. ख्रिस्टींना त्याचाच तिटकारा होता. "कोबी खाल्ला म्हणून मारायचं तर त्याला कळायच्या आत मारावं," असे ते म्हणायचे.

त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते, पन्नास यार्ड. मी वहीत लिहून घेतले. वही माझ्या उशाच्या खणात आहे, पान हिरव्या दोऱ्याने बांधले आहे, पाहून घे.

आणि मग माझ्या हातांनी एकतीस वर्षे जे केले तेच केले. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक दुर्बीण आम्ही अनंतावर लावायचो. रात्रपाळीला लांबच्या पाण्याच्या टाकीवरचा दिवा धरायचा, डोळा हलवायचा, फुली दिव्यावरून हलेनाशी झाली की पुढच्या काचेची कडी आवळायची. इथे पाचच्या आत अंधार पडतो. मी मागच्या दारात उभा राहिलो, समोर टीव्हीच्या टॉवरचा लाल दिवा दिसला, मैलोन् मैल लांब, आणि हात आपोआप तिकडे वळला. फुली दिव्यावर अशी बसली की हलेना. मला किती आनंद झाला ते सांगत नाही. कडी आवळली, काच मलमलीने पुसली आणि दुसऱ्या दिवशी दिली. पन्नास यार्ड माझ्या डोक्यात आलेच नाहीत. मी त्यांना वर उपदेशही केला की चित्र नऊ पटावर मोठे करू नका, चारवर ठेवा, नऊवर स्वतःच्या छातीचे ठोकेसुद्धा फुलीत दिसतात.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी कुंपणाखाली ससा बसला होता. तीस यार्ड. मागे मातीचा बांध, म्हणजे सगळे नियमाने. ख्रिस्टींचा डोळा मानेमुळे काचेच्या खालच्या कडेला, म्हणून खाली सरकलेली फुली सशाच्या डोक्यावर आणताना नळी वर गेली. गोळी बोटभर वरून, कानांना न लागता गेली. त्याच क्षणी फ्लॉसी बांधावरून डोके वर काढत होती.

पुढच्या आठवड्यात ते दुर्बीण घेऊन आले. बंदूक त्यांनी स्वतःहून गार्डांच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, स्टेशनात जमा केली होती. ते दारातच उभे राहिले. "ही तू ठेव, यश. काच ग्रँड आहे. मीच गेलोय. आपलीच कुत्री मारणाऱ्या माणसाला किटलीसुद्धा हातात देऊ नये."

मी तोवर दुर्बिणीतून काही पाहिले नव्हते, पण टॉवरचा दिवा आठवला. मी म्हटले, "चहा घेणार?" ते नको म्हणाले आणि गेले. ते गेल्यावर मी दुर्बीण खिडकीच्या कठड्यावर उशी ठेवून टेकवली, फाटकाच्या आडव्या दांडीवर धरली आणि डोळा खाली नेला. फुली दांडीवरून चालत बाहेर गेली.

आज दोन महिने झाले. मी रोज रस्त्यापर्यंत जातो आणि परत येतो. माझे इथे राहण्याच्या परवानगीचे कार्ड दरवर्षी नवे करावे लागते. बंदुकीच्या वस्तूला विनापरवाना हात लावला म्हणून मला परत पाठवले तर? हरीशच्या पासपोर्टाला काही झाले तर? असे मी स्वतःला सांगतो. यातले किती खरे आणि किती माझे भ्यालेपण, ते मला वेगळे काढता येत नाही.

डेक्लनने ठरवले आहे की काका एकटे राहायला लायक नाहीत. शुक्रवारी सरकारी नर्सबाई येऊन त्यांची तपासणी करणार आणि ख्रिस्टी तिला सगळ्याला हो म्हणणार, कारण त्यांना स्वतःलाच ते पटले आहे. नर्सबाईंचा कागद पुढे जायला दोन-तीन आठवडे लागतात असे सून रोहिणी म्हणाली. मी मंगळवारी गेलो तर तू बुधवारी हे उघडशील. म्हणजे वेळ आहे. असा मी विचार केला आहे.

कलम २. पिंपळे गुरव येथील माझी दोन खोल्यांची जागा हरीशला. तुझी आई शालन हिने त्या मोरीला स्वतः फरशी बसवून घेतली होती, गवंड्याच्या डोक्यावर उभी राहून. विकलीस तरी मला वाईट वाटणार नाही. ती फरशी मात्र एकदा पाहून ये.

कलम ३. बँकेत जे असेल ते नात क्षितिजा हिच्या शिक्षणाला. क्षितिजा मराठीत विचारले तर इंग्रजीत उत्तर देते, पण माझ्या खोलीत रोज येऊन बसते, आणि दारातून जाताना "यू आर ग्रँड, आजोबा" म्हणते. मला ते पुरते. शालनची मोहनमाळ सून रोहिणीला. रोहिणी, तू मला कधी टाकून बोलली नाहीस. गॅस बंद केला का म्हणून मी तुला कामावर चार-चार फोन केले, तेव्हाही नाही.

कलम ४. हत्यारे. पितळी पाने, कडी फिरवायचा दोन टोकांचा पाना, भिंग, मलमलीचे तुकडे आणि माझा लाकडी खोका, हे सर्व ख्रिस्टी गेराटी यांना. ते वापरणार नाहीत, पण त्यांच्या गोठ्यात हत्यारांची भिंत आहे, प्रत्येक हत्याराभोवती खडूची रेघ ओढलेली. तिथे माझ्या पान्याला एक खिळा मिळावा. सर्व खरे कळल्यावर त्यांनी तो खिळा दिला नाही, तर खोका नदीत टाकावा.

कलम ५. राग. कारखान्याचे फोरमन, नाव लिहीत नाही, मेले असतील. पहिल्या आठवड्यात त्यांनी काचेच्या कडीवरची अनंताची खूण दाखवून सगळ्यांसमोर म्हटले होते, "आठवी नापास माणसासाठी आठ आडवा करून ठेवलाय, लोहोकरे. आता तरी पास व्हा." लोक हसले. त्या दिवसापासून मी अनंत असा लावत गेलो की तपासणीतून माझी एकही दुर्बीण परत आली नाही. मला आता वाटते की त्यांनी ते म्हटले नसते, तर त्या संध्याकाळी माझा हात टॉवरकडे गेला नसता. पण हे मेलेल्या माणसावर ढकलणे झाले. सबब हा राग मी मागे घेतो.

हरीशचा मित्र अभिजित याच्यावरचा राग मागे घेत नाही. गणपतीत सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "काका गेराटींकडे सारखे जातात. बघा हां, एक दिवस सशाचा रस्सा घेऊन येतील." मी ससा खात नाही. अभिजितने माझ्या दहाव्याला येऊन ढोकळ्याची चौकशी करू नये.

कलम ६. ती दुर्बीण माझ्या खोलीतल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, खालच्या फळीवर, स्वेटरच्या आत गुंडाळलेली आहे. हरीशने ती ख्रिस्टींपुढे उशीवर ठेवावी, तीस यार्डांवर काहीतरी उभे करावे, नऊ पटावर फिरवावी आणि त्यांना डोळा हलवायला सांगावे. पट वाढवल्याने चूक वाढत नाही, फक्त मोठी दिसते, आणि त्यांना ती मोठीच दिसली पाहिजे. कडीला कोणीही हात लावू नये. तोच माझा पुरावा आहे.

इथपर्यंत सकाळी लिहिले. पुढचे दुपारनंतर.

साक्षीदार म्हणून मी रोहिणीची मैत्रीण विद्या सबनीस हिला बोलावले होते. ती केमिस्ट आहे, आणि तिचे वडील सातारला दस्त नोंदणीच्या कचेरीत होते, म्हणून तिला यातले कळते. घरी दुसरे कोणी नव्हते. तिने चष्मा लावून सगळे वाचले. एकदा वाचून परत पहिल्या पानावर गेली.

"काका, एक विचारू?"

"विचार की."

"मंगळवारी तुम्ही गेलात, तर हरीश हे बुधवारी उघडणार."

"हो. मी तसाच विचार केलाय."

"आणि तुम्ही वाचलात तर?"

मी म्हटले, म्हणजे?

"म्हणजे हे पाकीट कपाटात राहणार. तुम्ही घरी येणार, मऊ भात खाणार, आणि समोरच्या घराला कुलूप असणार."

मी खुर्चीत बसलो होतो ते बरे. दोन महिने मी प्रत्येक वाट मोजली होती, आणि ही एक मोजलीच नव्हती. मी मरायला घाबरतो आहे असे घरात सगळ्यांना वाटते. मलाही तसेच वाटत होते. खरे म्हणजे मी मरण्यावर भरवसा ठेवून बसलो होतो, म्हणजे तोंड उघडायला नको.

विद्या म्हणाली, "शिवाय दोन साक्षीदार लागतात. घरचे चालणार नाहीत. ज्याला काही दिलंय तोही नको, साक्षीदाराला दिलेलं रद्द होतं. तुमच्या ओळखीचं आणखी कोण आहे इथं?"

माझ्या ओळखीचे इथे एकच माणूस आहे.

म्हणून कलम ४ मी रद्द करतो. ख्रिस्टी गेराटी यांना या मृत्युपत्रात काही दिलेले नाही. हत्यारे क्षितिजाला. कलम १ सुद्धा रद्द, कारण ते काम हरीशचे नाही.

कोट घालायला मला वेळ लागला, बटणे लागेनात. विद्या येते म्हणाली, मी नको म्हटले. ख्रिस्टींनी दार उघडले तेव्हा घरात शेगडी पेटवलेली नव्हती. टेबलावर ब्रेड होता, किटलीवर फडके टाकलेले होते. मी इंग्रजीत वाक्य पाठ करून गेलो होतो, ते विसरलो. म्हटले, "ख्रिस्टी, माझ्या कागदावर सही पाहिजे. पण आधी एक बघा. बघितल्यावर सही करायची नसेल तर करू नका."

ते म्हणाले, "मरतोयस काय?"

"मंगळवारी. कदाचित."

"मग चल," म्हणाले आणि टोपी घेतली.

आमच्या घरी आल्यावर मी दुर्बीण माझ्या खोलीतल्या खिडकीच्या कठड्यावर उशीवर ठेवली. क्षितिजा नुकतीच कॉलेजातून आली होती. तिला काय चालले आहे ते विद्याने दोन वाक्यांत सांगितले. तिने कॉर्नफ्लेक्सच्या रिकाम्या खोक्यावर काळ्या पेनाने ससा काढला आणि पावले मोजत तीस यार्डांवर जाऊन फाटकाला लावला. लांब कान, बाकी सशापेक्षा मांजरच. चार वाजले होते, उजेड अजून होता.

"फुली डोक्यावर घ्या," मी म्हटले. "आता दुर्बीण हलवू नका. नुसता डोळा खाली न्या. मानेमुळे जातो तिथं."

त्यांनी डोळा खाली नेला. मग वर आणला. परत खाली. मला माझ्या छातीचे ऐकू येत होते.

"ती चालतेय," ते म्हणाले.

"हो."

"सशाच्या गळ्याकडे उतरतेय."

"हो. तुम्ही पन्नास यार्ड सांगितले होते. मी टॉवरच्या दिव्यावर लावली. सवयीने. चूक माझी आहे. तुमचा डोळा चांगला आहे, ख्रिस्टी. फुली दाखवत होती तिथेच तुम्ही मारलं."

ते कठड्यावरून उठले नाहीत. डोळा काचेलाच होता, पण ते काही पाहत नव्हते, कारण पापणी मिटलेली होती. मग म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"तुम्ही ही परत दिलीत त्याच दिवशी."

"दोन महिने." ते माझ्याकडे वळले. मान वळत नाही, म्हणून सगळे अंग वळवावे लागते. "दोन महिने मी माझ्याच किटलीला भितोय, यश. रात्री सगळे प्लग काढून झोपतो. आणि तू रस्त्यापलीकडे, कपाटात हे घेऊन."

मी माफी मागितली. ते उठून दाराकडे गेले. मला वाटले, झाले. दारात थांबले.

"नर्स शुक्रवारी अकराला येणार आहे. डेक्लन असेल. तू त्याच्यासमोर हे असंच मांडशील?"

कार्ड, गार्ड, पासपोर्ट, सगळे डोळ्यांपुढून गेले. मी म्हटले, "मांडीन. हरीशला आज सांगतो, आणि त्याला सोबत आणतो."

"त्याला कशाला? तू ये. आणि तो मांजरासारखा ससा आण."

क्षितिजा हसली. तेही हसले असे मला वाटले, पण खात्री नाही, म्हणून लिहीत नाही.

मग ते टेबलाशी येऊन बसले. विद्याने सगळा कागद त्यांना इंग्रजीत वाचून दाखवला. साक्षीदाराला मजकूर कळला पाहिजे असा कायदा नाही असे ती म्हणाली, पण मला तो त्यांना कळलेला हवा होता. कलम चारशी त्यांनी तिला थांबवले. खिळ्याचे परत वाचायला लावले. मग पुढे वाचा म्हणाले.

वरील मजकूर मी दोघा साक्षीदारांपुढे पुन्हा वाचला, तो माझाच आहे, आणि दोघे एकाच वेळी हजर असताना त्यांच्या देखत सही करतो. खोडलेल्या जागी तिघांची आद्याक्षरे आहेत. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, आणि हे करायला लागू नये असे फार वाटत होते.

लिहून देणार: यशवंत केरबा लोहोकरे (सही)

साक्षीदार १: विद्या सबनीस (सही), राहणार मलिंगार

साक्षीदार २: ख्रिस्टी गेराटी (सही), राहणार समोर

ठिकाण: मलिंगारच्या बाहेर, काउंटी वेस्टमीथ
दिनांक: बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली इंग्रजीत स्वतःच्या हाताने एक ओळ जास्त लिहिली आहे. विद्या म्हणाली, याने मृत्युपत्र बिघडत नाही, राहू द्या. तिचा अर्थ असा: शुक्रवारनंतर, मंगळवारच्या आत, दुर्बीण पन्नासवर लाव.